युरोपा की एन्सेलाडस : लघुप्रबंधासाठी कोणता चंद्र घ्यावा?

बर्फाळ चंद्रांच्या पोटातील उष्णता आणि हिमज्वालामुखी (लाव्हाऐवजी पाणी, वाफ व बर्फ बाहेर फेकणारे) हा विषय एम.एस्सी.च्या लघुप्रबंधासाठी घेऊ पाहणाऱ्या पुण्यातील विद्यार्थ्यापुढे सहसा दोन नावे येतात : गुरूचा युरोपा आणि शनीचा एन्सेलाडस. दोन्हींच्या बर्फाखाली खारट समुद्र असल्याचे मानले जाते. ग्रहापासूनचे अंतर कमीजास्त होत राहिल्याने त्यांच्या अंतरंगावर सतत ताण (भरतीचा ताण) येतो आणि त्या घर्षणातून ऊब निर्माण होते. कक्षा पूर्ण वर्तुळाकार होऊ न देण्याचे काम युरोपाच्या बाबतीत आयो व गॅनिमीड हे शेजारचे चंद्र, तर एन्सेलाडसच्या बाबतीत डायोनी हा चंद्र करतो. साम्य इतकेच.

एन्सेलाडसचा व्यास सुमारे 504 किलोमीटर, म्हणजे पुणे-नागपूर अंतराहूनही कमी. एवढासा गोळा केव्हाच गोठून निपचित पडायला हवा होता. पण 2005 मध्ये शनीभोवती फिरणाऱ्या कॅसिनी यानाला त्याच्या दक्षिण ध्रुवावरून वाफ आणि हिमकण उसळताना दिसले. तिथे सुमारे 130 किलोमीटर लांबीच्या चार समांतर भेगा आहेत आणि 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मापनानुसार त्या भागातून जवळपास 15.8 गिगावॉट उष्णता बाहेर पडते. खडकातील किरणोत्सारी मूलद्रव्यांकडून मिळणारी उष्णता एक गिगावॉटही भरत नाही, त्यामुळे हिशेब भरतीच्या ताणावरच येऊन थांबतो. प्रकल्पाच्या दृष्टीने खरी गंमत मात्र वेळापत्रकात आहे. सुमारे 33 तासांच्या प्रदक्षिणेत चंद्र शनीपासून सर्वांत दूर असतो त्या सुमारास फवारे सर्वाधिक तेजस्वी दिसतात, पण भेगा उघडण्याच्या साध्या गणिताने सांगितलेल्या वेळेपेक्षा हा कळस काही तास उशिरा येतो. हा उशीर बर्फाच्या चिकटपणामुळे की भेगेत वरखाली होणाऱ्या पाण्यामुळे, या एका प्रश्नावर सबंध लघुप्रबंध उभा राहू शकतो.

युरोपा याहून कितीतरी मोठा, सुमारे 3,120 किलोमीटर व्यासाचा आहे. खडकाचा वाटा प्रचंड असल्याने तिथे किरणोत्सारी उष्णता दुर्लक्षून चालत नाही. समुद्राचा भक्कम पुरावा गुरूभोवती फिरलेल्या गॅलिलिओ यानाच्या चुंबकीय मापनांतून मिळाला. फवाऱ्यांचे तसे नाही. हबल दुर्बिणीने 2012 मध्ये टिपलेल्या खुणा आणि गॅलिलिओच्या 1997 मधील नोंदींचे 2018 मध्ये झालेले फेरविश्लेषण यांवर अजून एकमत नाही. शिवाय पाणी बर्फाहून जड असल्याने ते आपोआप वर येत नाही. बर्फातच अडकलेला पाण्याचा साठा गोठताना फुगून दाब वाढवतो, अशासारखी प्रारूपे मांडावी लागतात. ज्याला सिद्धान्तात रस आहे आणि पुढे पीएच.डी.पर्यंत जायचे आहे, त्याने युरोपा जरूर घ्यावा, कारण ऑक्टोबर 2024 मध्ये निघालेले नासाचे युरोपा क्लिपर यान 2030 मध्ये गुरूपाशी पोहोचणार आहे.

नेपच्यूनच्या ट्रायटन या चंद्राचा मोह काहींना होतो. व्हॉयेजर 2 ने 1989 मध्ये तिथे सुमारे आठ किलोमीटर उंचीचे फवारे पाहिले खरे, पण त्यामागे आतील उष्णता नसून नायट्रोजनच्या बर्फात शिरलेले ऊन असण्याची शक्यता आहे, आणि माहिती एकाच भेटीची; तो सोडावा.

वर्षभरात आकडे हाताळून काम पूर्ण करायचे असेल तर माझे मत निःसंशय एन्सेलाडसच्या बाजूने आहे. कॅसिनीची निरीक्षणे नासाच्या संग्रहात विनामूल्य मिळतात. आयुकात (पुण्यातील खगोलशास्त्र संशोधन केंद्रात) किंवा विद्यापीठात मार्गदर्शक लाभला तर उत्तमच, नाही तर घरच्या संगणकावरही फवाऱ्यांच्या तेजाचे आलेख काढता येतात.