मेंदूविकारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ एकाच व्यासपीठावर: पुण्यात ऐकलेल्या एका कार्यक्रमाविषयी

पुण्यातील एका विद्यापीठाच्या सभागृहात मेंदूचे विकार आणि मानसिक आजार या विषयावर डॉक्टरांनी विद्यार्थी व प्राध्यापकांशी साधलेला संवाद मी नुकताच शेवटपर्यंत बसून ऐकला. प्रवेश विनामूल्य होता. व्यासपीठावर मेंदूविकारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ शेजारी शेजारी बसले होते, आणि कार्यक्रमाचे खरे मोल मला त्यातच वाटले.

आपल्याकडे फिट आली तर मेंदूचा डॉक्टर गाठायचा आणि कुणाला भास होऊ लागले की ‘येरवड्याला न्यावे लागेल’ असे दबक्या आवाजात बोलायचे, ही वाटणी घरोघरी ठरलेली असते. ती किती कच्ची आहे, हे दोघांनी मिळून दाखवले. २००७ मध्ये प्रथम नीट वर्णन झालेल्या एका मेंदूदाहात (मेंदूला सूज येण्याच्या आजारात) शरीराची प्रतिकारशक्ती मेंदूतील एनएमडीए रिसेप्टरवरच, म्हणजे मेंदूच्या पेशींवरील संदेश टिपणाऱ्या प्रथिनांवरच, हल्ला करते. रुग्ण बहुधा तरुण मुली असतात. आधी झोप उडते, संशय वाढतो, बोलणे असंबद्ध होते, आणि फिट येऊ लागेपर्यंत मुलगी देवऋष्याकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे जाऊन आलेली असते. काही जणींत अंडाशयातील गाठ मूळ कारण निघते, आणि वेळेवर उपचार झाले तर बहुतेक रुग्ण सुधारतात. पार्किन्सनचे, म्हणजे कंपवाताचेही तसेच. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या आजाराचे वर्णन करताना बुद्धी शाबूत राहते असे लिहिले होते. आज मात्र हात थरथरू लागण्याच्या काही वर्षे आधीच काहींना नैराश्य येते, वास येणे कमी होते, हे माहीत झाले आहे.

माझ्या धाकट्या भावाला वसतिगृहात पहिल्यांदा फिट आली तेव्हा जमलेल्या मुलांनी, चांगल्या हेतूनेच, त्याच्या दातांत चमचा घातला आणि त्याचा पुढचा दात तुटला. त्यामुळे पुढचे प्रात्यक्षिक मी जरा जास्तच लक्ष देऊन पाहिले. डॉक्टरांनी एका विद्यार्थ्याला व्यासपीठावर आडवे केले, थोड्या वेळापूर्वी सत्कारात मिळालेली शाल घडी करून त्याच्या डोक्याखाली ठेवली, गळ्याजवळचे बटण सोडले आणि झटके ओसरल्यावर रुग्णाला कुशीवर कसे वळवायचे ते करून दाखवले. तोंडात काही घालायचे नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत, कांदा किंवा चप्पल हुंगवायची नाही. घड्याळ पाहायचे आणि ५ मिनिटांत झटके थांबले नाहीत तर रुग्णालयात न्यायचे. एवढे आमच्या वसतिगृहात कुणाला ठाऊक असते तर!

प्रश्न चिठ्ठ्यांवर मागवले होते. नाव लिहायचे नसल्याने मुलांनी मोकळेपणाने विचारले. ‘गोळ्या एकदा सुरू झाल्या की जन्मभर सुटत नाहीत का?’ या चिठ्ठीला मानसोपचारतज्ज्ञांनी मनापासून वेळ दिला. नैराश्यावरील नेहमीच्या गोळ्यांचे व्यसन लागत नाही, पण गुण दिसायला २ ते ४ आठवडे लागतात. बरे वाटल्यावरही त्या साधारण ६ महिने तरी चालू ठेवायच्या असतात आणि थांबवायच्या त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू. टेली-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांकही त्यांनी दोनदा सांगून लिहून घ्यायला लावला, आणि तिथे मराठीत बोलता येते हे आवर्जून सांगितले.

उणिवाही सांगायला हव्यात. स्वागत आणि सत्कार यांत पाऊण तास गेला, त्यामुळे अल्झायमरचा भाग घाईत उरकला गेला. घरी आजी-आजोबांची काळजी घेणारे कितीतरी जण तेवढ्यासाठीच आले असावेत. पडद्यावरचा मजकूर सगळा इंग्रजीत होता. बोलणे मराठीत असूनही मागच्या रांगेतील मंडळींना, विशेषतः विद्यापीठातील शिपाई आणि सफाई कर्मचाऱ्यांना, आकृत्या समजल्या नाहीत, हे मला त्यांच्याशी बोलल्यावर कळले. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने विमा कंपन्यांवर मानसिक आजारालाही शारीरिक आजाराप्रमाणेच संरक्षण देण्याचे बंधन घातले आहे, ही रुग्णांच्या घरच्यांना फार उपयोगी बाब एका वाक्यात संपली.

तरीही पुढच्या वेळी मी भावाला घेऊन जाणार आहे. आयोजकांना एकच विनंती: प्रश्नांना जेमतेम वीस मिनिटे मिळाली आणि मी निघालो तेव्हा डब्यात निम्म्याहून अधिक चिठ्ठ्या न वाचलेल्या होत्या. त्या टाकून न देता त्यांची उत्तरे डॉक्टरांकडून लिहून घेऊन वसतिगृहांच्या सूचनाफलकांवर मराठीत लावावीत.