काथ्याचे ओंडके: तळ्याकाठच्या पायवाटेला उपयोगी, पण खुंट्या नीट हव्यात

पायवाटेखालचा काठ लाटांनी ढासळत असेल, तर दगड रचण्याआधी काथ्याच्या ओंडक्यांचा, म्हणजे जाळीत नारळाचा काथ्या ठासून केलेल्या लांब गोल वळकट्यांचा, पर्याय पाहावा. ३० सेंमी जाडीचा, घट्ट भरलेलाच ओंडका घ्या. दाबल्यावर पिचकणारा लवकर सैल पडतो. निम्मा पाण्यात, निम्मा वर बसवून दोन्ही बाजूंनी हातभर अंतरावर लाकडी खुंट्या ठोकायच्या, वरून दोरीने आवळायचं. सांधे शिवा, टोकं काठात वळवून पुरा. बहुतेक कामं इथेच फसतात: टोक उघडं राहिलं की पाणी मागे शिरून माती ओढून नेतं. लव्हाळ्याची रोपं थेट काथ्यात खोचता येतात, हे सर्वांत आवडलं. काथ्या काही वर्षांत कुजतो. तोवर मुळं धरली नाहीत तर पैसे अक्षरशः पाण्यात! नायलॉन जाळीचे मात्र नकोच, त्यात कासवं अडकतात.