इतिहासाच्या तासाला 'सिव्हिलायझेशन' की 'डिस्कव्हरी टूर'?

इतिहास शिकवणाऱ्या मैत्रिणीला वर्गासाठी या दोन व्हिडिओ गेमपैकी एकच निवडायचा आहे. 'सिव्हिलायझेशन'मध्ये खेळाडू एक समाज प्राचीन काळापासून पुढे वाढवत नेतो; 'डिस्कव्हरी टूर'मध्ये तो प्राचीन जगात फेरफटका मारतो.

वेळेचा प्रश्न लगेच सुटतो. 'सिव्हिलायझेशन'चा (पहिली आवृत्ती १९९१) डाव कित्येक तास चालतो. २०१८ची प्राचीन इजिप्तवरची 'डिस्कव्हरी टूर' ७५ छोट्या फेऱ्यांत विभागली आहे, शिवाय लढाई नाही.

अचूकतेत मात्र थांबून पाहावं लागतं. 'टूर'मध्ये वास्तू, पेहराव, शेती डोळ्यांपुढे उभी राहते. पण तिथेही नग्न पुतळे शिंपले लावून झाकलेले आहेत. हे मुलांना जरूर दाखवावं आणि विचारावं: भूतकाळ असा कोण झाकतं, का? 'सिव्हिलायझेशन'मध्ये घटना खोट्याच, गांधीजीही अणुबॉम्ब टाकू शकतात. त्याहून मला खुपतं ते हे, की सगळे समाज प्रगतीची एकच शिडी चढतात. तरी नदी, धान्य, सीमा यांची ओढाताण मुलं स्वतः निर्णय घेऊन अनुभवतात. 'टूर'मध्ये ती फक्त पाहुणी असतात.

शिक्षकाची तयारी 'सिव्हिलायझेशन'ला जास्त लागते. खेळानंतर चर्चा नसेल तर तो नकोच.

एखादा काळ डोळ्यांसमोर आणायचा असेल आणि हाती एकच तासिका असेल, तर 'टूर'. कारणं-परिणाम शिकवायचे असतील आणि काही आठवडे हाताशी असतील, तर 'सिव्हिलायझेशन'.