ट्रॅक्टरचा लोडर आणि उसाचा पंजा: उचलतो जोरात, पण धरून ठेवतो का?

5 पैकी साडेतीन. का ते सांगतो.

आमच्याकडं वाळव्याच्या (सांगली जिल्हा) बाजूला ऊसतोड टोळ्यांचं काय चाललंय ते सगळ्यांना माहितीये, उचल (आगाऊ पैसे) घेऊन टोळीचा मुकादम ऐनवेळी फोन उचलत नाही आणि टोळी आलीच तरी भरणीला (ऊस ट्रॉलीत भरायला) माणसं कमी, त्यामुळं पंजावाला लोडर, म्हणजे ट्रॅक्टरच्या पुढं बसवायचा हायड्रोलिक आर्म आणि त्याच्या टोकाला ऊस धरायचा पंजा, घ्यायचा विचार आता जो तो करतोय. मी 50 एचपीच्या फोर व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरवर बसवून घेतलाय, जवळच्याच एका वर्कशॉपनं बनवलेला, नाव घेत नाही. एक सीझन पूर्ण झाला म्हणून लिहितोय.

आधी चांगलं. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरनं ट्रॉलीत चढायचं काम बंद झालं, ही एकच गोष्ट पैसे वसूल करते. पंज्याची नखं चांगल्या जाड पट्टीची आहेत, वाकली नाहीत. ऊस संपल्यावर बांधावरची तोडलेली बाभळीची खोडं, पाचटाच्या गाठी, जुने सिमेंटचे पाईप, सगळं हलवलं.

आता खरी गोष्ट. विकणारा तुम्हाला "एक टन उचलतोय बघा" एवढंच दाखवणार. कुठल्या उंचीला, पंज्याचं स्वतःचं वजन धरून का सोडून, हे विचारलं की "काय होत नाय ओ साहेब". माझ्या मशीनवर वजनाची प्लेटच नव्हती, मागून पण दिली नाही. म्हणून हिशोब आपणच करायचा. पंज्यात 500 किलो ऊस पुढच्या चाकाच्या दीड मीटर पुढं लटकलाय आणि पुढच्या-मागच्या चाकात 2 मीटर अंतर आहे असं धरा, तर मागच्या चाकांवरचं 375 किलो वजन उडालं आणि पुढच्या एक्सलवर 875 वाढलं, लोडर आणि पंज्याचं वजन वेगळंच. आणि ट्रॅक्टरचे ब्रेक असतात मागच्या चाकांना! म्हणजे माल उचलून उताराला लागलात की ब्रेक दाबला तरी मागची चाकं नुसती घसरणार. म्हणून मागं लिंकेजला (जिथं नांगर जोडतो तिथं) वजन पाहिजेच, 200 लिटरचा बॅरल काँक्रीटनं भरला तर पावणेपाचशे किलोच्या आसपास जातो, मी तोच फ्रेम करून लावलाय, आणि उतारावर फोर व्हील टाकूनच चालवायचं, म्हणजे पुढची चाकं पण ब्रेकला धरतात. चढ असेल तर माल चढाच्या बाजूला, म्हणजे वर जाताना सरळ आणि खाली येताना रिव्हर्स. दिसायला येड्यासारखं दिसतं पण तसंच करा.

दुसरी तक्रार मोठी आहे. पंज्याच्या सिलिंडरला लॉक व्हॉल्व्हच (सिलिंडरमधलं तेल अडवून धरणारा व्हॉल्व्ह) दिला नव्हता. म्हणजे समजा खोड वर धरलंय आणि हायड्रोलिकचा पाईप फुटला तर पंजा तिथल्या तिथं ढिला पडणार आणि खोड खाली. भांडून बसवून घेतला, त्याचे पैसे वेगळे लावले. घेताना एक टेस्ट करा, एक जड खोड पंज्यात धरून जमिनीपासून फूटभर उचला, इंजिन बंद करा, सिलिंडरच्या दांड्यावर खडूनं रेघ मारा आणि चहा पिऊन या. रेघ सरकली असेल, पकड सुटली असेल तर उचलायची ताकद किती का असेना, ते मशीन नको. टेस्ट करू देत नसेल तर मग दुसरीकडं बघा.

पाईप पण त्यांनी असे फिरवलेत की एक सारखा आर्मला घासायचा. तेल गळतंय वाटलं तर हातानं चाचपू नका, बारीक छिद्रातनं प्रेशरचं ऑइल थेट कातडीत घुसतं, पुठ्ठा धरून बघा.

चालवणाऱ्यासाठी सगळ्यात वाईट धोका वेगळाच आहे. आर्म जसा वर जातो तसा पंजा आपोआप मागं कलतो, कारण स्वस्त लोडरला सेल्फ लेव्हलिंग (पंजा आपोआप सरळ ठेवायची सोय) नसतं, मग वरनं मोळी किंवा खोड आर्मवरनं गडगडत सरळ ड्रायव्हरच्या अंगावर येऊ शकतं आणि आपल्या ट्रॅक्टरला वर छतरी असते ती उन्हापुरती. वर घेताना दुसऱ्या लिव्हरनं थोडं थोडं पुढं झुकवत राहायचं, हे हाताला बसायला वेळ लागतो. नव्या पोराला पहिल्या दिवशी खोडं उचलायला देऊच नका, ऊस चालेल. खोड नेहमी मधोमध धरायचं, एका टोकाला धरलं की ते फिरतं आणि ट्रॅक्टर पण ओढतं.

शेतात सरी आडवी कापताना किंवा पाट ओलांडताना माल गुडघ्याएवढाच वर ठेवा, ट्रॉलीजवळ गेल्यावरच उचला. वर अकरा हजार व्होल्टची लाईन आहे का ते भरणी चालू करायच्या आधी बघून घ्या, तारेला लागलं नाही, नुसतं जवळ गेलं तरी करंट उडी मारतो. चुकून लागलीच तर खाली उतरायचं नाही, त्या लाईनची लाईट बंद होईपर्यंत सीटवरच.

आणि वाढे (उसाचे हिरवे शेंडे) न्यायला बायका येतात, पोरं उसाची कांडी वेचत फिरतात, त्यांना पंज्याखालनं जायचं म्हणजे काहीच वाटत नाही. माझा नियम असा की एक माणूस खाली फक्त लोकांवर लक्ष ठेवायला, त्यानं हात वर केला की पंजा जमिनीला. ड्रायव्हर उतरणार तेव्हा पण पंजा खाली, अधांतरी ठेवून चहाला जायचं नाही.

सर्व्हिस ठीकठाक. सीझन संपायच्या आत पिना-बूश ढिले झाले, रोज ग्रीस मारत होतो तरी. फोन केला की माणूस येतो पण "उद्या" म्हणजे परवा. 35 एचपीच्या टू व्हील ट्रॅक्टरवर हे बसवून देतो म्हणत असतील तर ऐकू नका, पुढचा एक्सल त्यासाठी नसतोय. 45 च्या वर, फोर व्हील, पॉवर स्टेअरिंग असेल आणि लॉक व्हॉल्व्ह बिलावर लिहून देत असतील तर घ्या.