पर्शियन मांजर घ्यावी की सयामी? पुण्यातल्या फ्लॅटसाठी

आमच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये पर्शियन आहे आणि ताईकडे सयामी, त्यामुळे दोन्ही अगदी जवळून बघितल्यात.

पर्शियन म्हणजे गोल डोकं, आखूड पाय, चपटं नाक आणि नुसते केस! स्वभाव एकदम शांत, खिडकीत बसली की दोन-दोन तास हलत नाही, उगाच आवाज नाही. पण रोज विंचरावं लागतं, एक दिवस चुकलं की पोटाखाली गुंता झालाच समजा, शिवाय डोळ्यांतून पाणी येतं ते रोज पुसायचं, आणि चपट्या नाकामुळे एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात तिला त्रास होतो, तेव्हा दुपारी कूलर लागतोच. घेण्याआधी आईबापांची किडनीच्या पीकेडी आजाराची जीन टेस्ट झालीये का ते नक्की विचारा, या जातीत तो आनुवंशिक आहे.

सयामी बरोबर उलटी. सडपातळ अंग, मोठे कान, निळे डोळे, केस आखूड म्हणून आठवड्यातून एकदा ब्रश केला तरी बास. पिल्लं जन्मतात जवळपास पांढरी, मग अंगाचा जो भाग थंड असतो, म्हणजे कान, तोंड, पाय, शेपूट, तिथे रंग गडद होत जातो, मला तर हे फार भारी वाटतं. पण बडबड! ताई ऑफिसातून आली की दारातच तक्रार सुरू, आणि दिवसभर एकटी ठेवली तर खरंच खचते बिचारी.

घरी कायम कोणी असेल तर मी सयामीच सांगेन.