डोंगल की दोन तारांचा बल्ब?

चालती गाडी मध्येच बंद पडते. सेल्फ फिरतो, पण स्टार्ट घेत नाही. वीस मिनिटांनी मात्र काही झालंच नाही अशा थाटात चालू होते. हा रोग ज्यांच्या गाडीला जडलाय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. डिकीत काय ठेवावं, ओबीडीचा ब्लूटूथ डोंगल (गाडीच्या सॉकेटमध्ये लावला की तिच्या कॉम्प्युटरने नोंदलेले दोष मोबाइलवर दाखवतो तो) की वायरमन वापरतात तो बल्बचा टेस्टर, एवढाच प्रश्न. मी दोन्ही वापरलेत. खरं म्हणजे डोंगल दोन वापरले. ते का, ते पुढे येईल.

आधी डोंगलची बाजू. देवरुखच्या एका मित्राची गाडी तापली की बंद पडायची. बंद पडल्या जागी डोंगल लावला आणि सेल्फ मारताना आरपीएमचा आकडा पाहिला, तर शून्य. इंजिन फिरतंय हे आपल्या कानाला कळत होतं, गाडीच्या कॉम्प्युटरला कळत नव्हतं. नंतर पी 0335 हा दोषाचा कोडही आला. क्रँक सेन्सर, म्हणजे इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला सांगणारा. तापला की आतली गुंडाळी तुटते, निवला की जुळते. एवढं निदान पाच मिनिटांत झालं, आणि ते बल्बच्या आवाक्यातलं नव्हतं. शिवाय कोड पडला त्या क्षणी इंजिन किती तापलं होतं, वेग किती होता, हीही नोंद मिळते. मात्र कोणी ‘बॅटरीची तार काढून परत लाव’ म्हणाला तर त्याचा हात धरा. बऱ्याच गाड्यांत ती नोंद तिथेच पुसली जाते.

आता माझी गोष्ट. 2014 सालची पेट्रोल गाडी. साखरपा सोडून आंबा घाटाच्या चढाला लागलो आणि कोणी चावी फिरवावी तसं इंजिन बंद. अडखळणं नाही, धाप लागणं नाही. डोंगल लावला, त्याचा लाल दिवा पेटला. मोबाइलशी जोडणी, मग ॲपमधल्या जाहिराती, मग ‘ईसीयूशी (म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरशी) संपर्क होत नाही’. डोंगल काढघाल करेपर्यंत गाडी निवून सुरू झाली, आणि सुरू झाल्यावर डोंगल म्हणतो, एकही दोष नाही. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदा तेच. डोंगल डुप्लिकेट निघाला असं धरून मी दुप्पट किमतीचा दुसरा मागवला. तोही हुबेहूब तेच बोलला.

हातखंब्याजवळचा एक म्हातारा वायरमन हे ऐकून हसला. ‘अवो, ज्याच्या पोटात करंटच नाय, तो बोलेल कसा?’

त्याचं म्हणणं सरळ होतं. डोंगलच्या सॉकेटमधल्या 16 नंबरच्या पिनेवर बॅटरीचा करंट कायम असतो, त्यामुळे डोंगलचा दिवा पेटतोच. कॉम्प्युटरला करंट मिळतो मेन रिलेतून, म्हणजे विजेवर चालणाऱ्या एका छोट्या स्विचमधून. तो रिलेच दगा देत असेल तर कॉम्प्युटर बेशुद्ध. कोड लिहायला जागा कोण आहे? ‘संपर्क होत नाही’ हेच निदान होतं आणि मी ते डोंगलचा दोष समजून दोन महिने घालवले. चावी ऑन केल्यावर चेक इंजिनचा दिवा पेटत नव्हता, मागच्या सीटखालून इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाची दोन सेकंदांची गुणगुण येत नव्हती. हेही त्याने विचारल्यावरच आठवलं.

माझा कल बदलला तो इथे. ज्या साक्षीदाराला नेमकी घटनेच्या वेळीच भोवळ येते, त्याच्या जबानीवर किती विसंबायचं?

त्याने केलं ते असं. मेन रिलेतून करंट मिळणाऱ्या फ्यूजला मध्ये छोटा फ्यूज घालून तार जोडली, ती आत आणली आणि डॅशबोर्डवर बल्ब बसवला. गाडी बंद पडली की चावी ऑन ठेवून बल्बकडे बघायचं, बस्स. तो विझला असेल तर दोष रिलेकडच्या वाटेवर, पेटलेला असेल तर पुढे. आमच्या डॅशबोर्डवर गणपती आहे, त्यामुळे तीन आठवडे जो तो विचारायचा, बाप्पाला लायटिंग केलंस वाटतं!

दाभोळहून धोपाव्याला फेरीबोटीत होतो. बोटीत इंजिन बंद, बॉनेटखाली उष्णता कोंडलेली. धोपाव्याला उतरताना सेल्फ मारला, स्टार्ट नाही, बाप्पा अंधारात. मागचे हॉर्न वाजवतायत, आणि मी मात्र खूश. बॉनेट उघडून रिले बोटाने हलवला तर काचेतून बल्ब लुकलुकताना दिसला. रिलेचा एक पाय हिरवा पडला होता, सॉकेटमधली पकड सैल झाली होती. खाऱ्या वाऱ्यात चार-पाच पावसाळे काढलेल्या गाडीत याचं नवल नाही. नवा रिले साडेतीनशेला, सॉकेट साफ करून आवळून घेतलं. त्यानंतर गाडी बंद पडलेली नाही.

मल्टिमीटर का नाही, असं कोणी विचारेल. असेल तर उत्तमच. पण तो जवळजवळ करंट ओढतच नाही. तारेचा एकच धागा शिल्लक असला तरी 12 व्होल्ट दाखवतो. इंडिकेटरचा 21 वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर मागतो, त्यामुळे कुजक्या जोडावर तो मंद होतो किंवा पेटतच नाही. एलईडीचा टेस्टर मात्र मल्टिमीटरसारखाच भोळा.

बल्बचे धोकेही आहेत. एअरबॅगच्या पिवळ्या वायरिंगला तो लावायचा नाही, आणि कॉम्प्युटरच्या पिनांना किंवा सेन्सरच्या बारीक तारांनाही नाही. करंट जास्त ओढून तो नवीनच खर्च काढेल. आणि पंपाच्या तारेवरचा बल्ब विझला म्हणून लगेच पंपाचा रिले बदलू नका. क्रँकचा सिग्नल गेला की कॉम्प्युटर स्वतःच पंप बंद करतो. त्या फाट्यावर उभे राहिलात तर डोंगल पुन्हा कामाला येतो.

तुमच्या गाडीचा चेक इंजिनचा दिवा पेटून राहत असेल तर कदाचित डोंगलपासूनच सुरुवात करावी; माझा अनुभव एका गाडीचा आहे. पण दिवा कधी पेटत नाही, कोड सापडत नाही आणि गाडी समुद्राजवळ राहते, असं असेल तर मी आधी दीडशे रुपयांचा बल्ब घेईन. माझे दोन्ही डोंगल सध्या देवरुखला आहेत. परत मागायची घाई नाही.