आयडलिंगला थरथरणारी गाडी आणि ३८,८०० रुपयांचं बिल

सिग्नलला उभं राहिलं की स्टिअरिंग झिणझिणतं, सीटखालून थरथर येते, एसी लावला की डॅशबोर्ड खडखडतो. थोडी रेस दिली की सगळं गायब. चेक लाइट पेटलेला नाही, पिकअप ठीक, अ‍ॅव्हरेज पूर्वीइतकंच. एवढी तक्रार घेऊन चार सिलिंडरची एक बीएस-६ पेट्रोल हॅचबॅक पुण्यातल्या एका मल्टिब्रँड गॅरेजमध्ये गेली आणि मालक ३८,८०० रुपये मोजून बाहेर पडला. चार दिवसांत थरथर परत. दोष होता उजव्या बाजूच्या इंजिन फाउंडेशनमध्ये, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं त्या रबरी आधारात (माउंटिंगमध्ये). दुसऱ्या गॅरेजने ते २,९०० रुपयांत, मजुरीसकट, तासाभरात बदललं. पहिल्या गॅरेजचं नाव देत नाही. त्यांची पद्धत मात्र तपशिलात सांगायला हवी, कारण ती बऱ्याच ठिकाणी चालते.

बिल असं होतं: इंजेक्टर (पेट्रोल फवारणारे) चार नग १४,८००, इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगीचा करंट देणाऱ्या) चार नग ९,६००, इरिडियम प्लग चार ३,२००, डीकार्बनायझिंग (काजळी काढणं) २,५००, थ्रॉटल बॉडी (हवेची झडप) सफाई १,२००, ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) प्रोग्रामिंग ३,५००, मजुरी ४,०००. जीएसटी नंबर नाही, पार्ट नंबर नाहीत, गाडीचं किलोमीटर रीडिंगही नाही. बिलात फाउंडेशनचा उल्लेखच नाही, आणि तिथेच जाणकाराला शंका यायला हवी. आयडलिंगच्या थरथरीत पहिली पाच मिनिटं फाउंडेशन बघण्यात जातात. त्याला ना स्कॅनर लागतो, ना पाना.

आता मालकाला पटवलं कसं ते. गॅरेजने व्हॉट्सअ‍ॅपवर चार पानांचा स्कॅन रिपोर्ट पाठवला. पहिल्या पानावर लाल अक्षरांत दोन कोड होते, पी ०३०२ आणि पी ०३५२. "साहेब, दोन नंबरचा सिलिंडर मिसिंग मारतोय, कॉइल गेलीय. एक गेली की बाकीच्या पाठोपाठ जातात. इंजेक्टरही जाम आहेत, असंच चालवलंत तर हाफ इंजिन खोलावं लागेल." हाफ इंजिन, म्हणजे इंजिन अर्धं खोलून दुरुस्त करणं, म्हटलं की माणूस घाबरतो आणि होकार देतो. मालकाने पहिलं पान पाहिलं, पुढची तीन पाहिली नाहीत. खरी गोष्ट त्या तीन पानांत होती.

पी ०३०२ म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर, स्फोट चुकणं, गॅरेजच्या भाषेत मिसिंग. पी ०३५२ म्हणजे दोन नंबरच्या कॉइलच्या वायरिंगच्या सर्किटमध्ये दोष. हे दोन्ही कोड एकत्र आणायचे असतील तर सोपा मार्ग आहे: इंजिन चालू ठेवून दोन नंबरच्या कॉइलचं कनेक्टर उपसायचं. अर्ध्या मिनिटात दोन्ही कोड हजर. खऱ्याखुऱ्या खराब कॉइलनेही हे कोड येतात, म्हणून नुसत्या कोडवरून कोणाला चोर ठरवता येत नाही. पण कोड नोंदवताना ईसीएम त्या क्षणाची स्थितीही साठवून ठेवतो, त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. रिपोर्टच्या तिसऱ्या पानावर ती होती: वेग शून्य, कूलंट ४१ अंश. मालकाची तक्रार होती तापलेल्या गाडीची, सिग्नलवरची. त्या वेळी कूलंट ८५ ते ९५ अंशांच्या आसपास असतं. त्याखाली आणखी एक ओळ होती, चेक लाइट पेटल्यापासून चाललेलं अंतर: ० किलोमीटर. म्हणजे कोड गॅरेजमध्येच, उभ्या गाडीत, गार इंजिनवर जन्मला. गाडी आत येताना दिवा बंद होता, हे तर मालकालाच ठाऊक होतं. शेवटच्या पानावर लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीएमने पेट्रोल किती वाढवलं-घटवलं तो आकडा, ३ टक्के. इंजेक्टर जाम असते तर ईसीएम पेट्रोल वाढवत बसला असता आणि हा आकडा १० च्या वर गेला असता. आयडलला साधारण उणे १० ते अधिक १० पर्यंत काळजीचं कारण नसतं.

दुसऱ्या गॅरेजमध्ये बॉनेट उघडल्यावर बाकीचं दिसलं. फ्युएल रेलच्या, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीच्या, बोल्टवर जुनी धूळ तशीच घट्ट बसलेली, पान्याचा एक ओरखडा नाही. रेल न उतरवता इंजेक्टर बदलता येत नाहीत, म्हणजे १४,८०० रुपये निव्वळ कागदावरचे. प्लग नवीन होते, पण इरिडियम नव्हते. हे ओळखायला तज्ज्ञ लागत नाही: इरिडियम प्लगची मधली टोच पेन्सिलच्या बारीक शिशासारखी, एक मिलिमीटरहूनही कमी जाडीची असते; साध्या निकेल प्लगची अडीच मिलिमीटरच्या आसपास. कॉइल नव्या होत्या, पण त्यांच्यावर ना कंपनीचा छाप, ना पार्ट नंबर. मूळ चार कॉइल, ज्या बहुधा अजून लाखभर किलोमीटर चालल्या असत्या, त्या गॅरेजमध्येच राहिल्या.

मग गाडी चार दिवस शांत का राहिली? लोक फसतात ते इथे. थ्रॉटलच्या पाकळीभोवती काजळी साचते, तेव्हा हवा कमी पडू नये म्हणून ईसीएम पाकळी थोडी जास्त उघडी ठेवायला शिकतो. काजळी साफ केली आणि आयडल रीलर्न केलं नाही, म्हणजे ईसीएमला नव्याने शिकवलं नाही, तर पाकळी जुन्या सवयीने तेवढीच उघडी राहते, हवा जास्त जाते आणि आयडल मिनिटाला ७५० फेऱ्यांऐवजी १,००० ते १,१०० वर बसतो. तेवढ्या फेऱ्यांना फाटलेल्या फाउंडेशनचीही थरथर दबते. पुढच्या काही दिवसांच्या वापरात ईसीएम नव्याने शिकतो, काटा ७५० वर येतो आणि थरथर आपोआप परत. काही गाड्यांत हे एकाच दिवसात होतं, काहींत आठवडा लागतो. ज्या बाराशे रुपयांच्या कामाने रोग झाकला, तेच काम ३८,८०० ची पावती खरी ठरवून गेलं. म्हणून गाडी ताब्यात घेताना इंजिन पूर्ण तापलेलं, एसी बंद, गिअर न्यूट्रल, अशा स्थितीत टॅकोमीटर, म्हणजे फेऱ्यांचा काटा, बघायचा. गाडी आत देतानाच्या काट्याचा फोटो मोबाइलमध्ये असेल तर तुलना जागेवर होते.

थरथर कोणत्या जातीची आहे हे मालकाला बसल्या जागी बरंचसं कळू शकतं. चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन स्फोट होतात. ७५० फेऱ्यांना सेकंदाला २५. फाउंडेशनचं रबर बसलं किंवा हायड्रॉलिक फाउंडेशनमधलं तेल गळून गेलं की हेच २५ धक्के बॉडीत उतरतात आणि बारीक, एकसारखी झिणझिण जाणवते. एक सिलिंडर मिसिंग मारत असेल तर त्याची पाळी दोन फेऱ्यांत एकदा येते, म्हणजे सेकंदाला सहाच्या आसपास. ती झिणझिण राहत नाही, अख्खी गाडी डोलते आणि सायलेन्सरमधून फट-फट असा तुटक आवाज येतो. सायलेन्सरच्या तोंडापासून वीतभर अंतरावर कागदाची पट्टी धरली तर ती एकसारखी बाहेर फडफडायला हवी. मधूनमधून आत ओढली जात असेल तर मिसिंगचा संशय घ्यावा. काटाच वर-खाली होत असेल तर थ्रॉटल किंवा कुठूनतरी चोरून येणारी हवा बघायची.

तीन सिलिंडरच्या गाड्यांचं गणित वेगळं. तिथे त्याच ७५० फेऱ्यांना सेकंदाला जेमतेम १९ स्फोट, आणि इंजिनाचा तोलही मुळात कमी. त्यांच्यात आयडलला थोडी थरथर नवी असतानाही असते. अशा गाडीत "इंजिन खराब होतंय" म्हणून पैसे काढणं सगळ्यात सोपं. त्याच मॉडेलची, तेवढीच चाललेली दुसरी गाडी शेजारी उभी करून बघितली की निम्मे प्रश्न मिटतात.

फाउंडेशन तपासायची रीत: हँडब्रेक पूर्ण ओढायचा, ब्रेकवर पाय दाबून ठेवायचा, पहिला गिअर टाकून क्लच किंचित सोडायचा आणि लगेच दाबायचा, मग तेच रिव्हर्समध्ये. दुसऱ्या माणसाने बाजूला उभं राहून इंजिन बघायचं. समोर कधीही नाही. इंजिन बोटभर हललं तर ठीक, उचलून आदळल्यासारखं झालं किंवा ठक आवाज आला तर त्या बाजूचं फाउंडेशन गेलं. रबराला आरपार चिरा, धातूच्या कपावर तेलाचा ओघळ, या उघड खुणा. खात्रीसाठी ऑइल चेंबरखाली लाकडाचा ठोकळा ठेवून जॅकने इंजिनाचं वजन जेमतेम घ्यायचं. थरथर लगेच बदलली तर निदान पक्कं. जॅक जोरात मारला तर चेंबरला पोचा येतो, म्हणून हे गॅरेजवाल्याकडूनच, पण आपल्या डोळ्यांदेखत करून घ्यावं.

फाउंडेशनच्या कामातही हात मारला जातो. बहुतेक लहान गाड्यांना तीन असतात: उजवं, गिअरबॉक्सवरचं डावं, आणि मागचं किंवा खालचं, ज्याला टॉर्क रॉड म्हणतात. तिन्हींचं बिल लावून एकच बदलणं किंवा जुन्यालाच काळा रंग मारून बसवणं चालतं. स्वस्त लोकल फाउंडेशनचं रबर कडक असतं, त्याने नव्या पार्टवरही थरथर राहते आणि मग "आता इंजेक्टर बघू" सुरू होतं. अस्सल पार्ट लावूनही बोल्ट चुकीच्या क्रमाने कसले तर तेच: आधी सगळे सैल ठेवून इंजिनाला आपल्या वजनाने बसू द्यायचं, मग शेवटचं टाइट करायचं.

मिसिंग खरंच असेल तर कॉइल सिद्ध करायला पैसे लागत नाहीत. इंजिन बंद करून दोन नंबरची कॉइल तीनवर आणि तीनची दोनवर लावायची, कोड पुसायचा, गाडी फिरवून आणायची. नवा कोड पी ०३०३ आला तर कॉइल दोषी, आणि तीही एकच. पी ०३०२ च राहिला तर तसाच अदलाबदल प्लगचा. तरीही दोनवरच राहिला तर इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) बघायचं. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन एकमेकांच्या जवळपास असायला हवं. एकच १५-२० टक्के कमी निघाला तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजायचं. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा, नाही चढला तर बहुधा व्हॉल्व्ह. हे आकडे कागदावर लिहून मिळेपर्यंत हाफ इंजिनाला होकार देऊ नये.

फ्युएल ट्रिम आयडलला अधिक १५-२० आणि २,५०० फेऱ्यांना जवळजवळ शून्य, असं दिसलं तर हवेची गळती: ब्रेक बूस्टरची नळी, पीसीव्हीची (इंजिनातली वाफ परत आत नेणारी) नळी, मॅनिफोल्डचं गॅस्केट. नळी शे-दोनशेची असते आणि तिच्यापायी लोकांनी इंजेक्टर बदलल्याचं सर्रास दिसतं. सीएनजीवाल्यांसाठी तर फुकटची चाचणी आहे, पेट्रोलवर टाकून बघणं. थरथर फक्त सीएनजीवर असेल तर सीएनजीचे इंजेक्टर, फिल्टर, रेग्युलेटर. दोन्हींवर तशीच असेल तर पेट्रोल इंजेक्टरचा संबंध जवळपास संपला, कारण सीएनजीवर चालताना ते बंद असतात.

डीकार्बनायझिंग आणि "ईसीएम प्रोग्रामिंग" या दोन ओळी एस्टिमेटमध्ये दिसल्या तर नेमकं काय करणार ते विचारावं. प्रोग्रामिंग म्हणजे बहुतेक वेळा कोड पुसणं, जे स्कॅनरवर एका बटणाचं काम आहे.

एस्टिमेट लेखी, पार्ट नंबरसकट, आणि "जुने पार्ट मालकास परत" हे जॉब कार्डवर लिहून घ्यायचं. कामाआधीचा आणि नंतरचा पूर्ण स्कॅन रिपोर्ट, सगळी पानं. पक्कं बिल, २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या पार्टवर जीएसटी १८ टक्के आहे, जुना २८ लावला असेल तर तिथेच थांबवायचं.

फसवणूक झालीच असेल तर गाडी आणखी खोलण्याआधी फोटो काढावेत आणि दुसऱ्या गॅरेजकडून लेटरहेडवर, तारीख आणि किलोमीटरसकट निरीक्षण लिहून घ्यावं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही.

या प्रकरणात मालकाने रेलच्या बोल्टचे फोटो आणि रिपोर्टचं तिसरं पान पहिल्या गॅरेजला पाठवलं, सोबत दुसऱ्या गॅरेजचं पत्र. इंजेक्टरचे १४,८०० आणि प्रोग्रामिंगचे ३,५०० दोन हप्त्यांत परत आले. कॉइल, प्लग आणि मजुरीचं अजून भांडण चालू आहे. जुन्या कॉइल "भंगारात गेल्या" एवढंच उत्तर आहे.